रत्नागिरीचे सात दिवस खाड्यांच्या क्रमाने आखावेत

१/
रत्नागिरी जिल्ह्याच्या सात दिवसांच्या सहलीचे जे आराखडे दर हिवाळ्यात समाजमाध्यमांवर फिरतात, त्यांचा साचा एकच असतो. दापोलीला दोन मुक्काम, गुहागरला एक, गणपतीपुळ्याला दोन, रत्नागिरी शहराला अर्धा दिवस आणि उरलेला वेळ मासळीच्या थाळीला. सुवर्णदुर्ग ‘किनाऱ्यावरून दिसतो’, थिबा राजवाडा ‘वाटेतच आहे’ आणि राजापूर यादीत नसतेच. हा धागा त्या साच्याविरुद्ध आहे.

२/
समुद्रस्नान, सुरमई आणि सूर्यास्त यांना कोणाचाच विरोध असण्याचे कारण नाही. आक्षेप आहे तो क्रमाला. किनाऱ्यामागून किनारा असा क्रम लावला की इतिहासस्थळे दोन पुळणींच्या मधले थांबे होतात आणि त्यांचा एकमेकांशी असलेला संबंध तुटतो. बाणकोट, दाभोळ, जयगड, राजापूर ही नावे सुटी सुटी पाहिली तर पडक्या भिंती दिसतात. एका व्यवस्थेचे भाग म्हणून पाहिली तर दोन हजार वर्षांचा व्यापार दिसतो.

३/
ती व्यवस्था साधी आहे. सह्याद्रीतून उतरणाऱ्या नद्या समुद्राला मिळताना खाड्या होतात. खाडीच्या मुखावर किल्ला. खाडीत आत, वादळापासून सुरक्षित जागी बंदर व बाजारपेठ. खाडी जिथे संपते तिथून बैलांच्या तांड्यांची वाट आणि त्या वाटेच्या शेवटी देशावर चढणारा घाट. किल्ला जकात आणि संरक्षण पाहतो, बंदर माल उतरवते, घाट तो माल कऱ्हाड-कोल्हापूरकडे नेतो. या तिघांपैकी एक हरपला की उरलेले दोघेही हळूहळू मरतात.

४/
उत्तरेकडून दक्षिणेकडे नावे घ्यावीत: सावित्रीची बाणकोट खाडी, वाशिष्ठीची दाभोळ खाडी, शास्त्रीची जयगड खाडी, काजळीची भाट्ये खाडी, मुचकुंदीची पूर्णगड खाडी आणि अर्जुनेची राजापूर-जैतापूर खाडी. सहा खाड्या, सात दिवस. आराखडा निसर्गाने आणि इतिहासाने आधीच करून ठेवला आहे. प्रवाशाने तो फक्त वाचायचा आहे.

५/
पहिला दिवस: बाणकोट. १७५५ मध्ये हा किल्ला इंग्रजांच्या हाती आला आणि त्याचे नाव ‘फोर्ट व्हिक्टोरिया’ झाले. इंग्लंडची राणी व्हिक्टोरिया तेव्हा जन्मालाही आली नव्हती, हे ‘राणीच्या नावाचा किल्ला’ म्हणून सांगणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. पेशवाईच्या अस्तानंतर दक्षिण कोकणच्या कारभाराचे मुख्य ठाणे आधी बाणकोटला होते. १८२२ मध्ये ते रत्नागिरीस हलले. आज जिल्ह्याला रत्नागिरीचे नाव आहे, त्यामागे हा निर्णय आहे.

६/
बाणकोटला लागूनच वेळास. नाना फडणीसांच्या भानू घराण्याचे हे मूळ गाव. सध्या ते ऑलिव्ह रिडले कासवांच्या संवर्धनासाठी ओळखले जाते आणि ती ओळख सार्थ आहे. परंतु पिलांना समुद्रात जाताना पाहून परतणाऱ्या शेकडो प्रवाशांपैकी किती जणांना नानांचे गाव आपण पाहिले हे ठाऊक असते? दोन्ही गोष्टी एकाच सकाळी पाहता येतात. त्यासाठी वेगळा दिवस लागत नाही, एका वाक्याची माहिती लागते.

७/
दुसरा दिवस: हर्णे आणि सुवर्णदुर्ग. ‘किनाऱ्यावरून दिसतो’ या शब्दांत ज्याची बोळवण होते, तो जलदुर्ग जुलै २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूदृश्ये’ या नावाने युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांपैकी एक आहे. किनाऱ्यावरचे कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला हे त्याचे साथीदार. चौघांची रचना एकत्र पाहिल्याशिवाय सुवर्णदुर्ग समजत नाही. कान्होजी आंग्र्यांच्या आरमारी कारकिर्दीचा आरंभ याच परिसराशी जोडलेला आहे.

८/
इंग्रजी कागदांनी कान्होजींना ‘चाचा’ म्हटले. कारण कान्होजी आपल्या पाण्यातून जाणाऱ्या जहाजांना दस्तक घ्यायला लावीत. याच समुद्रावर पोर्तुगीजांनी दोन शतके ‘कार्ताझ’ नावाचा परवाना विकला आणि परवाना नसलेली जहाजे जप्त केली. त्याला साम्राज्याचे धोरण म्हटले गेले. तोच हक्क मराठ्यांनी बजावला की चाचेगिरी ठरली. हर्णेच्या धक्क्यावर उभे राहून हा दुटप्पीपणा जितका स्वच्छ कळतो, तितका क्रमिक पुस्तकात कळत नाही.

९/
आता अवघड भाग. एप्रिल १७५५ मध्ये कमोडोर विल्यम जेम्सने सुवर्णदुर्ग जिंकला तो तुळाजी आंग्र्यांकडून, आणि या मोहिमेत इंग्रजांचे सहकारी होते खुद्द पेशवे. पुढच्या वर्षी विजयदुर्गही पडला आणि आंग्र्यांचे आरमार जळाले. तुळाजी पेशव्यांना जुमानत नव्हते, त्यांचे वर्तन सत्तेला आव्हान देणारे होते, हे खरेच. पण घरचे भांडण मिटवायला परक्या आरमाराला बोलावल्याची किंमत मराठी सत्तेने पुढे मोजली, हेही तितकेच खरे. गडावर केवळ घोषणा देऊन परतणाऱ्यांना या प्रश्नाला सामोरे जावे लागत नाही.

१०/
या विजयाचे स्मारक लंडनमध्ये आहे. जेम्स वारल्यावर त्याच्या पत्नीने १७८४ मध्ये शूटर्स हिल या टेकडीवर एक त्रिकोणी मनोरा बांधला आणि त्याला नाव दिले ‘सेव्हर्नड्रूग कॅसल’. सुवर्णदुर्ग या शब्दाचे ते इंग्रजी अपभ्रष्ट रूप. हा मनोरा बंद पडला होता. स्थानिक नागरिकांनी धडपड करून तो २०१४ मध्ये लोकांसाठी पुन्हा उघडला. ज्यांनी किल्ला घेतला त्यांच्या वंशजांनी त्याच्या आठवणीचा मनोरा सांभाळला. ज्यांचा किल्ला गेला त्यांच्या वंशजांनी निदान होडी करून तिथपर्यंत जावे, ही अपेक्षा जास्त नाही.

११/
तिसरा दिवस: पन्हाळेकाजी आणि दाभोळ. दापोली तालुक्यात कोटजाई नदीच्या काठी २९ लेण्यांचा समूह आहे. आरंभी बौद्ध, त्यातही वज्रयान. पुढे शैव, गाणपत्य आणि नाथ संप्रदाय. पंथ बदलले, डोंगर तोच राहिला. एका लेण्यात चौऱ्याऐंशी सिद्धांच्या आकृती कोरलेल्या आहेत. महाराष्ट्राच्या धार्मिक इतिहासाचे हजार वर्षांचे स्थित्यंतर इतक्या थोड्या जागेत दाखवणारी ठिकाणे फार नाहीत. तरीही ‘दापोली दोन दिवस’ या मथळ्याखाली हे नाव क्वचितच येते.

१२/
दाभोळ हे बहमनी आणि आदिलशाही काळातले कोकणातले अग्रगण्य बंदर. अरबस्तानातून घोडे इथे उतरत. रशियन प्रवासी अफानासी निकितीन याने पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतातून परतताना इथूनच जहाज धरले. १५०८ च्या डिसेंबरअखेरीस पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्कु द आल्मेइदा याने हे शहर जाळले. चौलच्या लढाईत त्याचा मुलगा मारला गेला होता. त्याचा सूड घेत तो दीवकडे निघाला होता. खाडीकाठची आदिलशाही मशीद गतवैभवाची साक्ष देते. गडांपुरताच इतिहास मानणारा प्रवासी तिच्यासमोरून गाडी न थांबवता जातो.

१३/
दाभोळहून धोपाव्याला जाणारी फेरीबोट, जिला तिथले लोक जंगलजेटी म्हणतात, हा चौथ्या दिवसाचा आरंभ. पलीकडे अंजनवेलचा गोपाळगड, वाशिष्ठीच्या मुखाचा पहारेकरी. या किल्ल्याच्या आत दीर्घकाळ आंब्याची खाजगी बाग होती, हे वाचून चकित होणाऱ्यांनी कोकणातील इतर किल्ल्यांची कागदपत्रेही पाहावीत. जवळच तो वीजप्रकल्प, ज्याने १९९० च्या दशकात एन्रॉनच्या नावाने राज्याचे राजकारण ढवळून काढले. प्रकल्प गुहागर तालुक्यात, पण जगभर त्याला नाव मिळाले ‘दाभोळ’. बंदर संपले तरी नावाचा दबदबा टिकला होता.

१४/
याच दिवशी गुहागरचा किनारा आहे, व्याडेश्वर आहे, पुढे तवसाळहून जयगडला जाणारी दुसरी फेरीबोट आहे. म्हणजे खाड्यांच्या क्रमाने जाणाऱ्याला एकही पुळण सोडावी लागत नाही. उलट दोन खाड्या पाण्यावरून ओलांडल्याने रस्त्याचा मोठा वळसा वाचतो. पूर्वीचा माणूस पाण्यावरून का हिंडत असे, हे नकाशा न उघडता कळते. बंदरे एकमेकांच्या जवळ होती. रस्त्यांनी त्यांना दूर केले.

१५/
पाचवा दिवस: जयगडहून शास्त्रीच्या काठाने आत संगमेश्वर. फेब्रुवारी १६८९ च्या आरंभी छत्रपती संभाजी महाराज इथे मुकर्रबखानाच्या हाती सापडले. २०२५ मध्ये ‘छावा’ चित्रपट आला आणि कसब्याकडे गर्दी वळली. ही गर्दी वाईट नाही. पण बहुतेकांचा प्रश्न ‘फितूर कोण’ इथेच थांबतो. महाराज संगमेश्वरात का होते, हा प्रश्न त्याआधीचा आहे. विशाळगडाहून रायगडाकडे जाणारी वाट इथून जाते आणि कोल्हापूरच्या बाजूने घाट उतरून येणाऱ्या फौजेलाही हेच ठिकाण गाठता येते. घात समजायचा तर आधी घाट समजला पाहिजे.

१६/
त्याच कसब्यात चालुक्यकालीन कर्णेश्वर मंदिर आहे. कोकणात इतके कोरीव, इतके पूर्ण दगडी मंदिर विरळ. इतक्या आतल्या गावात एवढा खर्च कोणी आणि कशाच्या बळावर केला? उत्तर पुन्हा तेच: खाडी, बाजार, घाट. संगमेश्वर त्या काळी श्रीमंत होते. स्मारकासमोर छायाचित्र काढून परतणाऱ्या गाड्या कर्णेश्वरापासून काही मिनिटांवरून वळतात.

१७/
सहावा दिवस पूर्ण रत्नागिरी शहराला द्यावा. अर्धा दिवस देणे हा या आराखड्यांचा सर्वांत मोठा अपराध आहे. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा १८८५ मध्ये मंडालेत पदच्युत झाला आणि एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरीत आणला गेला. आज दिसणारा राजवाडा १९१० चा. म्हणजे राजाने त्यात उणीपुरी सहा वर्षे काढली. त्याआधीची दोन तपे इतर बंगल्यांत गेली. डिसेंबर १९१६ मध्ये तो इथेच वारला. त्याची समाधी याच शहरात आहे आणि २०१२ मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन तिथे नतमस्तक होऊन गेले.

१८/
त्याच शहरात २३ जुलै १८५६ रोजी बाळ गंगाधर टिळकांचा जन्म झाला. १९०८ मध्ये इंग्रजांनी त्यांना सहा वर्षांची शिक्षा देऊन पाठवले ते मंडालेला. मंडालेचा राजा रत्नागिरीत कैद, रत्नागिरीचा लोकमान्य मंडालेत कैद, आणि तेही एकाच वेळी. त्याच्या अर्धशतक आधी दिल्लीचा बादशहा बहादुरशहा जफर रंगूनला पाठवला गेला होता. साम्राज्य माणसांना त्यांच्या लोकांपासून तोडून कसे निकामी करते, याचा नकाशा टिळक आळीपासून थिबा राजवाड्यापर्यंतच्या फेरफटक्यात पुरा होतो.

१९/
पुढे १९२४ ते १९३७ विनायक दामोदर सावरकर याच जिल्ह्यात स्थानबद्ध होते. भागोजीशेठ कीर यांच्या दानातून १९३१ मध्ये उभे राहिलेले पतितपावन मंदिर सर्व जातींना खुले झाले, ते याच काळात. सावरकरांच्या राजकारणाविषयी कोणाचे मत काहीही असो, या मंदिराचा इतिहास वगळून महाराष्ट्रातील अस्पृश्यतानिवारणाची चर्चा अपुरी राहते. त्याच चर्चेसाठी पहिल्या दिवशी मंडणगड तालुक्यातील आंबडवे, बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव, वाटेत घ्यावे. एकाच जिल्ह्यात हे दोन्ही धागे सापडतात.

२०/
सातवा दिवस: पूर्णगड, कशेळी, बारसूचा सडा आणि राजापूर. जांभ्या दगडाच्या सपाट माळाला कोकणात सडा म्हणतात. या सड्यांवर हजारो वर्षांपूर्वी कोरलेली कातळशिल्पे आहेत. कशेळीचा भव्य हत्ती, ज्याच्या देहरेषेत इतर प्राण्यांच्या आकृती सामावल्या आहेत, एकदा पाहिलेला विसरत नाही. २०२२ मध्ये कोकणातील ही स्थळे युनेस्कोच्या प्राथमिक यादीत गेली. त्यांपैकी सात रत्नागिरी जिल्ह्यात आहेत. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे यांच्यासारख्या स्थानिक शोधकांनी वर्षानुवर्षे सडे तुडवले म्हणून हे जगाला कळले.

२१/
यात खरी जोखीम कोणती, ते स्पष्ट सांगितले पाहिजे. ज्या सड्यावर कातळशिल्प आहे, त्याच सड्यातून घरबांधणीचा चिरा निघतो. चिरेखाणीची कडा शिल्पाला भिडायला फार काळ लागत नाही. बारसूच्या सड्यावर तेलशुद्धीकरण प्रकल्पाच्या प्रस्तावावरून एप्रिल २०२३ मध्ये जे आंदोलन झाले, त्यात जमीन, आंबा आणि मासेमारी यांच्याबरोबर या शिल्पांचाही मुद्दा होता. प्रकल्पाविषयी मतभेद असू शकतात. पण जी गोष्ट कोणी पाहिलेलीच नाही, तिच्या बाजूने बोलायला कोणी उभे राहत नाही.

२२/
शेवटी राजापूर. १६६० मध्ये पन्हाळ्याच्या वेढ्यात इथल्या वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन सिद्दी जौहरच्या मदतीला तोफगोळे घेऊन गेला. १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी राजापूर घेतले, वखार लुटली आणि इंग्रजांना कैद केले. सुटका व्हायला १६६३ उजाडले. तटस्थ व्यापाऱ्याचा वेश घेऊन युद्धात पडणाऱ्या कंपनीला मिळालेला हा आरंभीचा धडा. आज अर्जुनेत गाळ साचला आहे, गलबते येत नाहीत आणि वखारीचा पत्ता विचारणाराही विरळाच. परतीला अणुस्कुरा घाट चढावा. राजापूरचा माल याच दिशेने कोल्हापूर प्रांताकडे जात असे.

२३/
यावर तीन आक्षेप येतात. पहिला: ‘सुट्टी आहे, अभ्यासदौरा नव्हे.’ वरील आराखड्यात रोज समुद्र आहे, दोन जलप्रवास आहेत, हर्णेचा मासळीचा लिलाव आहे. अभ्यासदौऱ्यात इतके सुख नसते. दुसरा: ‘तिथे फलक नाहीत, सोयी नाहीत.’ खरे आहे. पण सोयी गर्दीमागून येतात, हे गणपतीपुळ्याने दाखवून दिले आहे. जिथे कोणी थांबत नाही, तिथे ना फलक लागतो ना चहाची टपरी.

२४/
तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार: गर्दी आली की नाशही येतो. कातळशिल्पांवर चालणारे, छायाचित्रासाठी रेषांत खडू भरणारे, तटावर नावे कोरणारे आजही आहेत. म्हणून आराखड्यासोबत नियमही फिरले पाहिजेत. शिल्पाच्या कडेने चालावे, रेषांत काही भरू नये, गावातला वाटाड्या घ्यावा आणि त्याला मोबदला द्यावा. पावसाळ्यात सुवर्णदुर्गाला होडी जात नाही, तेव्हा हट्ट करू नये. हे नियम पाळणारे थोडे प्रवासी बेशिस्त गर्दीपेक्षा अधिक उपयोगाचे, हे मान्यच करावे लागेल.

२५/
तरीही मूळ मुद्दा उरतो. ‘मिनी गोवा’ आणि ‘कोकणचा कॅलिफोर्निया’ ही नावे कोकणाला इतरांच्या मापाने मोजतात. ज्या भूमीत आरमार उभे राहिले, मशीद आणि लेणी शेजारी नांदली, एका राजाने परदेशात प्राण सोडला, तिला उसने नाव घेण्याची गरज नाही. आणि हे वाचून फक्त गड मोजत फिरणाऱ्यांनीही सुटकेचा निःश्वास सोडू नये. दाभोळची मशीद आणि थिबाची समाधी वगळणारा गडप्रेमी आणि सुवर्णदुर्ग वगळणारा पर्यटक हे दोघेही अर्धेच कोकण पाहतात.

२६/
पुढच्या हिवाळ्यात रत्नागिरीचा आराखडा लिहिणाऱ्यांनी निदान तीन दुरुस्त्या कराव्यात. रत्नागिरी शहराला पूर्ण दिवस. राजापूर आणि एका कातळशिल्पाला सातव्या दिवसाचा मान. सुवर्णदुर्गाला किनाऱ्यावरून नमस्कार करण्याऐवजी, हवामान साथ देत असेल तर, होडीचे भाडे. एवढ्याने वारसा वाचेल असा दावा नाही. पण हर्णेच्या होडीवाल्याला, कशेळीच्या वाटाड्याला आणि राजापूरच्या खाणावळीला त्या दिवसापासून इतिहासाचे उत्पन्न सुरू होईल. ज्यातून घर चालते, त्याचे रक्षण गाव स्वतः करते.